डोंगर पोखरणाऱ्यांचे गीत

१९९१ च्या नोव्हेंबर महिन्यात ‘जेनेसिस’ या इंग्रज रॉक संगीतमंडळीची ‘वुई कान्ट डान्स’ ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली आणि ब्रिटनमधील खपाच्या यादीत तिने पहिले स्थान पटकावले. तिच्यातील बहुतेक गाणी नभोवाणीवर सहज वाजावीत अशा आटोपशीर बेताची आहेत. परंतु त्यांच्यामध्ये दहा मिनिटांहून किंचित लांब असे एक गीत आहे, ‘ड्रायव्हिंग द लास्ट स्पाइक’, म्हणजे ‘शेवटचा खिळा ठोकताना’, आणि त्याचा विषय एकोणिसाव्या शतकात ब्रिटनचे लोहमार्ग ज्यांनी आपल्या हातांनी खणले त्या मजुरांचे जिणे-मरणे हा आहे. बायकामुलांचा निरोप घेऊन निघालेला एक मनुष्य या गीतात प्रथमपुरुषी एकवचनात बोलतो. कामाच्या जागी तो येतो, हातात हत्यार घेतो, बोगद्यात स्फोट होतो, सोबती गाडले जातात, आणि जे उरतात ते पुन्हा कामाला लागून रूळ पुढे नेतात. आरंभी संथ आणि जवळजवळ स्वगतासारखे चालणारे हे गीत मध्यावर आल्यानंतर एकाएकी कठोर ठेका धरते, आणि तिथून शेवटापर्यंत त्यातील ढोलांचा आघात हा ठोकण्याचाच आघात आहे असे ऐकणाऱ्याला वाटत राहते.

टोनी बँक्स, माइक रदरफर्ड आणि फिल कॉलिन्स या तिघांची या काळातील रीत अशी होती की सुरावट तिघांनी मिळून एका खोलीत वाजवता वाजवता घडवायची आणि शब्द मागाहून एकाने लिहायचे. या गीताचे शब्द कॉलिन्स यांचे. त्यांच्या हाती टेरी कोलमन या पत्रकाराने लिहिलेले ‘द रेल्वे नॅव्हीज’ हे १९६५ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक आले होते, आणि त्या पुस्तकातून हे गीत निघाले. वाहतुकीचा इतिहास हा विषय रॉक संगीताला अगदीच परका नाही. कॅनडाच्या गॉर्डन लाइटफुटने १९६७ साली, आपल्या देशाच्या शताब्दीच्या निमित्ताने, ‘कॅनेडियन रेलरोड ट्रिलॉजी’ रचली होती आणि तिच्याही मधल्या भागात मजुरांचा आवाज येतो. तरीदेखील सबंध दहा मिनिटे एका अनामिक खणकऱ्याच्या तोंडी देणे, आणि तेही लाखो प्रती खपतील अशा मुद्रिकेत, ही गोष्ट विशेष होय. या गीताने इतिहासातून काय उचलले आणि काय मागे ठेवले हे पाहायचे तर आधी तो इतिहासच डोळ्यांपुढे आणला पाहिजे.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये कालवे खणणाऱ्यांना ‘नॅव्हिगेटर’ म्हणत. त्याचे रूप लोकांच्या तोंडी ‘नॅव्ही’ असे झाले, आणि कालव्यांचा काळ सरून लोहमार्गांचा आला तेव्हा तेच नाव आगगाडीचा रस्ता खणणाऱ्यांना चिकटले. आरमाराशी त्याचा काही संबंध नाही. १८४६ या एका वर्षात पार्लमेंटने अडीचशेहून अधिक रेल्वे-कायदे संमत केले. सट्ट्याच्या ज्वराने पछाडलेल्या भांडवलाने देशभर नकाशे पसरले, आणि ते नकाशे जमिनीवर उतरवण्यासाठी १८४७ च्या सुमारास अडीच लाखांच्या आसपास माणसे एकाच वेळी कामावर होती. यांत लिंकनशायरच्या दलदली उपसणारे होते, यॉर्कशायर आणि लँकेशायरचे होते, डोंगराळ स्कॉटलंडचे होते, आणि बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळाने देशोधडीला लागलेले आयरिश लोक होते. मोलस्किनची विजार, जाड कॅनव्हासचा सदरा, खिळे मारलेले भक्कम बूट, कडा वळवलेली पांढरी फेल्टची टोपी आणि गळ्यात भडक रंगाचा रुमाल असा त्यांचा पोशाख. आणि नाव म्हणाल तर खरे नाव बहुधा कोणालाच ठाऊक नसे, कारण छावणीत शिरताच मनुष्याला टोपणनाव मिळे आणि मुकादमाच्या वहीत पुष्कळदा तेच चढे. कित्येकांच्या मरणानंतर घरी कळवावे तरी कोणाला, हा प्रश्न एवढ्याच कारणाने सुटत नसे.

या लोकांच्या श्रमाचे मान आज विश्वास बसू नये असे होते. अनुभवी नॅव्हीने दिवसाकाठी सुमारे २० टन माती फावड्याने आपल्या डोक्याच्याही वर उचलून वाघिणीत टाकावी अशी अपेक्षा असे. शेतावरून नव्याने आलेला धडधाकट मजूर पहिल्या दिवशी दुपारीच आडवा होई, आणि दररोज दोन पौंड गोमांस व त्यावर बिअर या आहारावर त्याचा देह या कामाच्या लायक होण्यास कित्येक महिने लागत. खोल कापातून माती वर काढायची रीत तर अंगावर काटा आणणारी होती. कापाच्या उतारावर फळ्या अंथरलेल्या असत. मातीने भरलेली एकचाकी हातगाडी आणि ती सावरणारा मनुष्य यांना वरून घोड्याने दोरखंडाच्या साह्याने ओढून घ्यायचे, आणि घोडा बुजला किंवा दोर सैल पडला तर मनुष्याने गाडी एका अंगाला लोटून स्वतः दुसऱ्या अंगाला उडी घ्यायची. लंडन ते बर्मिंगहॅम मार्गावरील ट्रिंग येथील कापाचे जॉन कुक बोर्न या चित्रकाराने केलेले रेखाटन प्रसिद्ध आहे; त्यात या फळ्यांच्या रांगा काठापासून तळापर्यंत उतरताना दिसतात आणि त्यांच्यावर लटकलेली माणसे. काम लवकर उरकावे म्हणून मातीच्या कड्याला खालून पोखरून वरचा भाग आपोआप ढासळू द्यायचा अशीही एक पद्धत होती. मनाई असूनही ती चाले, कारण मजुरी घनयार्डावर मिळत असे. आणि ढासळणारी माती कधी कधी अंदाजापेक्षा लवकर खाली येई.

समाजाने त्यांना माणसांत धरले नाही, हेही सांगितले पाहिजे. ज्या परगण्यात मार्गाचे काम सुरू होई तेथील गृहस्थ दारांना दुहेरी कड्या घालत. पगाराच्या दिवसानंतर दारू, मारामारी आणि दंगल यांना तीन-तीन दिवस खळ नसे. १८४६ साली एडिंबरोच्या दक्षिणेस गोरब्रिज येथे आयरिश मजुरांनी एका पोलिसाला ठार मारले, तेव्हा त्याचा सूड म्हणून हजारावर स्कॉच मजूर चाल करून गेले आणि त्यांनी आयरिशांच्या झोपड्या जाळून टाकल्या. परंतु या बेबंदपणाचे मूळ पुष्कळ अंशी पगाराच्या रीतीत होते, ही गोष्ट त्या काळच्या पाद्री आणि मॅजिस्ट्रेट मंडळींच्या ध्यानात फार थोडी आली. रेल्वे कंपनी मक्तेदाराला काम देई, मक्तेदार ते पोटमक्तेदाराला देई आणि पोटमक्तेदार मजुराला. या उतरंडीत मजुरी कित्येक आठवडे अडकून राही. दरम्यानच्या काळात पोट भरण्यासाठी मजुराला मक्तेदाराच्याच दुकानावरची चिठ्ठी मिळे, आणि त्या दुकानात कुजकट मांस, भेसळीचे पीठ व महागडी बिअर याखेरीज निवड नसे. रोख वेतनाऐवजी माल देण्यास बंदी करणारा कायदा इंग्लंडात १८३१ पासून अस्तित्वात होता. पण त्याच्या कलमांत रेल्वेच्या मजुरांचा समावेश केलेला नव्हता, आणि मक्तेदारांनी ही फट पुरेपूर वापरली. सॅम्युअल मॉर्टन पीटो यांच्यासारखा मक्तेदार मात्र दर आठवड्याला रोख पगार देई आणि दुकानाचा धंदा करू देत नसे, आणि त्याची कामे काही त्यामुळे बुडाली नाहीत. म्हणजे दुसरा मार्ग होता, आणि तो ठाऊकही होता.

कॉलिन्स यांच्या गीतात बोगद्याचे नाव नाही. पण कोलमनचे पुस्तक वाचणाऱ्याला त्या बोगद्याच्या जागी पेनाइन डोंगरातील वुडहेड दिसल्यावाचून राहत नाही. शेफील्ड आणि मँचेस्टर ही दोन उद्योगनगरे जोडणाऱ्या मार्गावर हा डोंगर आडवा आला होता. त्याच्या पोटातून तीन मैलांहून किंचित लांब बोगदा काढावयाचा होता, आणि तो समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फूट उंचीवर, जिथे जवळपास गाव नाही, रस्ता नाही, आणि वर्षातले बरेच दिवस वारा व पाऊस यांवाचून दुसरे काही नाही अशा माळरानात. १८३९ साली काम सुरू झाले तेव्हा चार्ल्स व्हिन्योल्स हे इंजिनियर होते. कंपनीच्या भागभांडवलाच्या भानगडीत त्यांचे स्वतःचे दिवाळे निघाले आणि त्यांच्या जागी जोसेफ लॉक आले. डोंगरावरून पाच उभे कूपक खाली नेले गेले, त्यांतला सर्वांत खोल सहाशे फुटांच्या घरात; आणि प्रत्येक कूपकाच्या तळापासून दोन्ही दिशांना माणसे दगड फोडीत निघाली. ऐन भरात दीडएक हजार लोक तिथे राबत होते. राहायला त्यांनी स्वतःच दगडावर दगड रचून, चुना न घालता, माळावरच्या झुडपांची शाकारणी केलेल्या झोपड्या बांधल्या. पगार नऊ-नऊ आठवड्यांनी होई. बोगद्यातील पाणी घोट्याच्या वर असे आणि सुरुंगाच्या दारूचा धूर तासन्‌तास हलत नसे. अशा रीतीने सहा वर्षे काढल्यावर १८४५ च्या डिसेंबरात त्यातून गाडी गेली.

या सहा वर्षांत ३२ माणसे मेली, असा हिशेब आहे. तो हिशेब कंपनीने ठेवला नाही, कारण तो ठेवण्याची सक्ती तिच्यावर कोणत्याही कायद्याने नव्हती. तो राहिला हेन्री पॉम्फ्रेट नावाच्या शस्त्रवैद्याच्या नोंदींमुळे. मजुरांनी आपल्या तुटपुंज्या मिळकतीतून वर्गणी काढून त्याची व्यवस्था केली होती. त्याच्याकडून मिळालेली माहिती मँचेस्टरचे डॉक्टर जॉन रॉबर्टन यांनी १८४६ च्या जानेवारीत तिथल्या सांख्यिकी मंडळापुढे मांडली, आणि सार्वजनिक आरोग्याच्या कार्याने विख्यात झालेले एडविन चॅडविक यांनी त्या आकड्यांची लष्करी आकड्यांशी तुलना केली. वुडहेडच्या मजुरांपैकी शेकडा तीन मेले आणि शेकडा चौदा जायबंदी झाले; वॉटर्लूसह वेलिंग्टनच्या चार मोठ्या लढायांत साध्या शिपायांमध्ये मृतांचे प्रमाण शेकडा दोनच्या थोडे वर होते. वॉटर्लूच्या विजयाचे स्मरण करून देणारे पूल, चौक आणि स्थानके लंडनमध्ये आहेत हे सर्वश्रुतच आहे.

परंतु मला या आकड्यांहूनही महत्त्वाची वाटते ती एक लहानशी सळई. खडकात भोक पाडून त्यात दारू भरल्यावर ती सळईने ठासावी लागते. सळई तांब्याची असेल तर खडकावर घासून ठिणगी उडत नाही; लोखंडाची असेल तर उडू शकते. वुडहेडला ठासण्यासाठी लोखंडी सळया वापरल्या जात, कारण तांबे मऊ, लवकर झिजणारे आणि महाग. अशीच एक लोखंडी सळई, एक मजूर भोक ठासीत असता, ठिणगी पडून बंदुकीच्या गोळीप्रमाणे बाहेर उडाली आणि त्याच्या खांद्यावरून वाकून पाहणाऱ्या दुसऱ्याच्या मस्तकातून पार गेली. १८४६ साली पार्लमेंटच्या चौकशी समितीपुढे वेलिंग्टन पर्डन या बोगद्याच्या दुय्यम इंजिनियराचे जाबजबाब झाले. नव्याने निघालेली संरक्षक वात वापरली असती तर धोका कमी झाला नसता काय, असे त्याला विचारण्यात आले. त्याने झाला असता हे मान्य केले. पण त्यात वेळ फार जातो, आणि तेवढ्याने वाचतील त्या जिवांसाठी वेळेचा तो अपव्यय करावा अशी शिफारस आपण करणार नाही, असे त्याने शांतपणे सांगितले. हा मनुष्य क्रूर होता असे मानण्यास आधार नाही. त्याने आपल्या पेशातील सर्वमान्य हिशेब फक्त उघड बोलून दाखविला.

त्याच समितीपुढे इझंबार्ड किंग्डम ब्रुनेल यांचीही साक्ष झाली. ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या, विशेषतः बॉक्स बोगद्याच्या कामावरून १८३९ ते १८४१ या काळात बाथच्या इस्पितळात नेलेल्या जखमींची शंभराहून मोठी यादी त्यांना दाखविण्यात आली, तेव्हा कामाचा व्याप आणि वापरलेल्या दारूचे प्रमाण पाहता ही यादी आपणास लहानच वाटते, असा त्यांचा अभिप्राय पडला. ब्रुनेल हे त्या शतकातील प्रतिभावंत इंजिनियर होते यात संशय नाही, आणि त्यांच्या कमानीखालून जाताना कोणाचेही मन आदराने भरून यावे; पण त्या आदरात ही यादीही सामावली पाहिजे. समितीने आपल्या अहवालात चांगल्या सूचना केल्या: मजुरी रोख आणि दर आठवड्याला द्यावी, चिठ्ठीच्या दुकानांना आळा घालावा, आणि कामावर झालेल्या मृत्यूंची व दुखापतींची जबाबदारी कंपन्यांवर टाकावी. पार्लमेंटात त्या अहवालावर चर्चासुद्धा झाली नाही. मालकाच्या जबाबदारीचा पहिला कायदा व्हायला १८८० साल उजाडावे लागले, आणि नुकसानभरपाईचा कायदा १८९७ साली झाला; तोवर ब्रिटनचे जवळजवळ सारे मोठे मार्ग बांधून झाले होते. वुडहेडच्या शेजारी १८४७ पासून जो दुसरा बोगदा खणण्यात आला त्यात दारूने कमी माणसे मेली, पण १८४९ च्या पटकीने २८ जणांना नेले.

आता गीताकडे परत वळावे. त्यातील मृत्यू हा दैवाच्या घाल्यासारखा येतो. स्फोट होतो, अंधार होतो, आणि वाचलेला मनुष्य गेलेल्यांना हाक मारतो. भावनेच्या दृष्टीने हे सर्वस्वी खरे आहे, कारण बोगद्याच्या तळाशी उभ्या असलेल्या मजुराला तांब्याच्या किमतीची किंवा समितीच्या प्रश्नोत्तरांची वार्ता कुठून असणार? त्याच्या पुढ्यात धूर होता आणि ओळखीचे हातपाय होते. प्रथमपुरुषी निवेदनाचे हे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही तीच आहे. मक्तेदार, चिठ्ठी, दुकान, नऊ आठवड्यांची अडकलेली मजुरी, लोखंडी सळई यांपैकी काहीही या ‘मी’च्या नजरेत येत नाही, त्यामुळे जो एक जमाखर्च होता तो ऐकणाऱ्याला अपघात वाटतो. आणखी एक गोष्ट. गीतातील मजूर मुलांना कुरवाळून निघालेला, शोकाकुल आणि सालस असा गृहस्थ आहे. इतिहासातील नॅव्ही पुष्कळदा दारुडा, भांडखोर, परक्यांचा द्वेष्टा, झाडूवरून उडी मारून लग्न लावणारा आणि तितक्याच सहजतेने ते मोडणारा होता. सहानुभूती मिळावी म्हणून त्याला सालस करण्याची गरज नव्हती, असे मला वाटते. दंगल करणाऱ्या माणसाचाही जीव तेवढ्याच किमतीचा असतो. हे म्हणूनही मी या गीताची योग्यता कमी मानीत नाही, कारण ज्या लोकांचे एकही शब्दशः आत्मकथन शोधणे कठीण, अशांना दीडशे वर्षांनंतर कोणीतरी बोलते केले, आणि इतिहासग्रंथांच्या वाटेला कधी न जाणाऱ्या असंख्य तरुणांच्या कानी ते घातले, हे काम लहान नव्हे.

गीताचे शीर्षकही विचार करण्यासारखे आहे. शेवटचा खिळा समारंभाने ठोकण्याची प्रथा मुख्यतः उत्तर अमेरिकेतील. १० मे १८६९ रोजी युटा प्रांतातील प्रॉमंटरी येथे दोन दिशांनी आलेले रूळ मिळाले तेव्हा लेलंड स्टॅनफर्ड या रेल्वेच्या अध्यक्षाने सोन्याचा खिळा ठोकण्याचा मान घेतला, आणि कॅनडात ७ नोव्हेंबर १८८५ रोजी क्रेगेलाची येथे डोनाल्ड स्मिथ या भांडवलदाराने साधा लोखंडी खिळा ठोकला. इंग्लंडात समारंभ आरंभीचा असे: कोणी उमराव किंवा त्याची पत्नी चांदीच्या फावड्याने पहिले ढेकूळ उचलून नक्षीदार हातगाडीत ठेवी, बँड वाजे, भोजन होई. समारंभ पहिल्या ढेकळाचा असो की शेवटच्या खिळ्याचा, हत्यार त्या दिवसापुरते अशा हातांत जाई ज्यांनी ते आधी धरले नव्हते आणि नंतरही धरणार नव्हते. प्रॉमंटरीच्या प्रसिद्ध छायाचित्रात, ज्यांनी सिएरा नेवाडाचे ग्रॅनाइट फोडले ते चिनी मजूर जवळजवळ दिसत नाहीत. कॉलिन्स यांनी अमेरिकन प्रथेचा खिळा इंग्रज मजुराच्या हाती दिला, हे इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने बरोबर नसेल. पण हातोडा योग्य हातांत गेला.

या हकीकतीची एक शाखा थेट आपल्या सह्याद्रीत येते. लंडन-बर्मिंगहॅम मार्गावर किल्सबी येथे भुसभुशीत पाणथळ वाळूशी दीर्घकाळ झुंजून बोगदा पुरा करणारे रॉबर्ट स्टीफन्सन हे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे सल्लागार इंजिनियर होते, आणि त्यांच्याच हाताखाली तयार झालेले जेम्स बर्कले १८५० च्या प्रारंभी मुख्य इंजिनियर म्हणून मुंबईस उतरले. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्याला २१ मैल गाडी गेली, त्याचा उत्सव आपण आजही करतो. तीन वर्षांनी खंडाळ्याच्या भोरघाटात जे काम आरंभले गेले त्याचा मात्र उत्सव होत नाही. पावणेसोळा मैलांत १,८३१ फूट चढण, काही ठिकाणी ३७ फुटांत एक फूट असा चढ, २५ बोगदे आणि आठ मोठे कमानी पूल असा तो पसारा होता. कड्यावर उभे राहायलाच जागा नसल्याने माणसांना वरून दोरांनी खाली सोडीत आणि ती लोंबकळत असतानाच पहारीने सुरुंगाची भोके घेत. पावसाळ्यात काम थांबे. दसरा-दिवाळीनंतर दख्खनभरातून, आणि त्याहूनही दुरून, वडार, बेलदार आणि पोटापाण्याच्या शोधात निघालेली शेतकरी कुटुंबे पुन्हा घाटात येत, पुरुष पहार घेऊन आणि बायका-पोरे माती-दगडांच्या पाट्या डोक्यावर घेऊन. १८६१ च्या हंगामात ही संख्या ४२,००० वर गेली होती. वुडहेडच्या ऐन भराच्या सुमारे अठ्ठावीस पट माणसे एका घाटात.

मक्त्याची उतरंड आणि अडकलेली मजुरी हीसुद्धा इंग्लंडातून इंजिनांबरोबरच आली. मुंबई-ठाणे मार्ग बांधणारे फॅव्हिएल हे भोरघाटाचेही पहिले मक्तेदार. त्यांच्या कामावर १८५९ च्या आरंभी मजुरी थकल्यामुळे मजुरांचा मोठा दंगा झाला, सरकारी चौकशी बसली, आणि त्याच वर्षी फॅव्हिएल यांनी मक्ता सोडला. पुढे सॉलोमन ट्रेडवेल यांना तो मिळाला. मुंबईस पोचल्यावर थोड्याच आठवड्यांत रोगाने त्यांचा अंत झाला, आणि त्यांची विधवा पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी दोघा अनुभवी इंजिनियरांना कारभार सोपवून मक्ता शेवटास नेला. या बाईंचे धैर्य मोठे होते आणि ते सांगितले जाते, हे योग्यच. पण ज्या रोगांनी त्यांचा पती गेला त्या रोगांनी, आणि मुख्यतः पटकीने, त्याच हंगामांत घाटातील झोपड्यांच्या रांगाच्या रांगा ओस पाडल्या. त्यांच्यासाठी कोणी पॉम्फ्रेट नव्हता. १८६३ च्या एप्रिलमध्ये गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या उपस्थितीत घाट खुला झाला. बर्कले तो पाहण्यास उरले नव्हते, आदल्याच वर्षी इंग्लंडात त्यांचे निधन झाले होते.

इंग्लंडात काही ठिकाणी दगडात आठवण ठेवली गेली. यॉर्कशायरमधील ऑटलीच्या चर्चच्या आवारात ब्रॅमहोप बोगद्यात मेलेल्या २४ जणांसाठी त्या बोगद्याच्याच दर्शनी मुखाची लहान प्रतिकृती उभी आहे. रिबलहेडच्या २४ कमानींच्या पुलाखाली, जिथे १८७० नंतरची काही वर्षे सेबास्तोपोल आणि जेरिको अशा नावांच्या वस्त्या होत्या, त्याच्या जवळच्या चॅपल-ल-डेल गावी तर मजूर आणि त्यांची बायकामुले यांना पुरण्यासाठी दफनभूमी वाढवावी लागली. आपल्याकडे दगडाऐवजी दैवत झाले. जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. घाटातून वाट कशी काढावी हे या धनगराने साहेबाला दाखविले आणि बक्षीस म्हणून देशाचे स्वातंत्र्य मागितले, म्हणून साहेबाने त्याला गोळी घातली, अशी दंतकथा आहे, आणि जाणारे-येणारे आजही तिथे नाणे टाकतात. कागदोपत्री तिला आधार असो वा नसो, या घाटाची किंमत कोणीतरी जिवाने चुकविली आणि ती साहेबाच्या हिशेबात चढली नाही, एवढी गोष्ट लोकस्मृतीने नेमकी पकडली आहे. फक्त बेचाळीस हजारांची जागा तिने एकट्याला दिली.

म्हणून मला वाटते की घाटातल्या माणसाचाही एक ‘मी’ मराठीत उभा राहावा. पोवाड्यात राहावा, नाटकात राहावा, नाहीतर आजच्या मुलांच्या गिटार-ड्रमच्या गाण्यात राहावा. सामग्रीची वाण नाही. बर्कले यांनी इंजिनियरांच्या संस्थेपुढे वाचलेला निबंध आहे, १८५९ च्या चौकशीचे दप्तर आहे, आणि पुण्याहून मुंबईला जाताना खिडकीबाहेर अजूनही ते कातळ आहेत. जो हे लिहील त्याने दोरावर लोंबकळणाऱ्या माणसाचे भय आणि त्याच्या घरच्यांचा शोक तर गावाच, पण त्याच्याबरोबर त्या आठवड्याची मजुरी कोणाकडे थकली होती, ठासायची सळई कोणत्या धातूची होती, आणि पटकीच्या हंगामात पिण्याचे पाणी कुठून आणले जात होते, हेही त्याच्याच तोंडून विचारावे.